नुसतं ‘परत’

एकाच माणसाला मी दोनदा पहिल्यांदा भेटले. एकदा मेलवर, आणि मग सहा-सात आठवड्यांनी एका अपार्टमेंटच्या क्लबहाउसात, जिथे ते कढीचं पातेलं दोन्ही हातांनी धरून ‘सरका, सरका, पोळेल’ म्हणत येत होते. हे दोघं एकच आहेत हे कळलं तेव्हा माझा घास हातातच राहिला. पुढच्या दोन वर्षांत त्या माणसाने मला जे धक्के दिले, त्यातला हा सगळ्यात सौम्य.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. आम्ही अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीत नवे. माझ्या नवऱ्याचा, प्रशांतचा, कामाचा व्हिसा. माझा ‘त्याच्यावर अवलंबून असलेली बायको’ असा. पासपोर्टात तसा कागदच डकवलेला! नागपुरात तीन वर्षं नोकरी केलेली इंजिनियर मी, आणि इथे मला एक ताससुद्धा काम करायची परवानगी नाही. आई फोनवर विचारायची, ‘‘दिवसभर काय करतेस गं?’’ मी सांगायची, ‘‘पाइनची झाडं मोजते.’’ फारसं खोटं नव्हतं ते.

अशात मला तो प्रोग्राम सापडला. साधाच होता. इंग्रजी कळफलकावर मराठी टाइप करायचं, पडद्यावर देवनागरी उमटायची. फुकट. नुसता फुकट नाही, तो कसा लिहिलाय तेही उघडं. कुणीही आत शिरून दुरुस्ती करावी आणि ती दुरुस्ती, म्हणजे पॅच, प्रोग्राम सांभाळणाऱ्या माणसाला पाठवावी. त्याला पटली तर ती आत जाणार आणि पाठवणाऱ्याचं नाव शेवटच्या यादीत लागणार. ओपन सोर्स हा शब्दही तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. मला एवढंच कळलं, की त्या यादीत जायला व्हिसा विचारत नाहीत. मला त्या यादीत माझं नाव हवं होतं. कुणाची बायको म्हणून नाही, माझं. हावरटासारखं हवं होतं म्हणा ना.

आईला पत्र लिहायला बसले आणि ‘बिचाऱ्या बाबांना सांग’ असं टाइप केलं, तर पडद्यावर ‘बिचार्या’. र उडी मारून य च्या डोक्यावर! माझी आई शाळेत मराठी शिकवायची. तिने ते पत्र लाल गोल करून उलट टपाली धाडलं असतं. मी तीन आठवडे खपले आणि तो ऱ सरळ केला. ‘बिचाऱ्या’ आलं, ‘दऱ्या’ आलं, ‘वाऱ्या’ आलं. पॅच पाठवला. तो सगळ्यांना दिसणाऱ्या मेलिंग लिस्टवर पाठवायचा असे. जगभरचे तीसेक मराठी लोक होते त्या लिस्टवर.

दुसऱ्या दिवशी उत्तर. खाली सही म्हणून दोन आद्याक्षरं, आणि वर रोमन लिपीत पाच अक्षरं : पी, ए, आर, ए, टी.

‘‘परात मागतोय का हा?’’ प्रशांतने विचारलं.

‘‘परत म्हणतोय. परत!’’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्हाला सांगते, हा शब्द आमच्या घरात फार दुखरा. माझे बाबा कविता लिहायचे, मासिकांना पाठवायचे आणि प्रत्येक कविता ‘साभार परत’ची चिठ्ठी घेऊन घरी यायची. त्या चिठ्ठ्या त्यांनी ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या, का ते देव जाणे. पण निदान साभार तरी! इथे नुसतं परत. तेही तीस लोकांसमोर. कारण नाही, नमस्कार नाही, काही नाही.

गंमत म्हणजे हा माणूस सगळ्यांशी असा वागत नव्हता. कुणी अगदीच भंगार पॅच पाठवला, की त्याला हे साहेब देवनागरीत सुरेख पत्र लिहीत. मेलमधून देवनागरी धड जात नसे, म्हणून त्यांच्याच प्रोग्रामात लिहून फाइल जोडलेली. ‘सप्रेम नमस्कार. आपण घेतलेल्या श्रमांबद्दल मनःपूर्वक आभार. आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ एकेक वेलांटी बघत राहावी अशी. मला त्या पत्रांचा इतका हेवा वाटायचा! मी नंतर आणखी तीन वेगवेगळे पॅच पाठवले. परत, परत, परत. एकदा टेक्ससमधल्या प्लेनोच्या मंदारने सगळ्यांसमोर विचारलं, ‘‘सर, काय चुकलंय ते तरी सांगा.’’ मंदार माझ्यासारखाच चार-पाच ‘परत’ खाल्लेला. त्यावर उत्तर आलं, ‘‘तेच शोधायचं आहे.’’

तर असा हा माणूस. आणि क्लबहाउसात मराठी लोकांच्या जेवणाला बघते तर पन्नाशी ओलांडलेले, बुटके, काटक काका, लोकांच्या पोरांना कढी फुंकून देतायत. त्यांचं नाव कळलं, आद्याक्षरं जुळली, आणि मी सरळ जाऊन म्हटलं, ‘‘माझा पॅच तुम्ही परत केलात.’’

काकांचा चेहरा एकदम आनंदला. ‘‘अरे वा! त्या तुम्ही? छान, छान. कढी घ्या.’’

‘‘काय चुकलं होतं?’’

‘‘ते लिस्टवर.’’ पातेलं खाली ठेवून त्यांनी हात जोडले. ‘‘तोंडी नाही. जे ठरायचं ते सगळ्यांसमोर, लिहून. स्वयंपाकघरात ठरलेलं मी मानत नाही.’’

आणि कढी वाढली. वर विचारलं, साखर जास्त झालीय का!

हा त्यांचा नियम कुणालाही मोडता आला नाही. घरी जा, जेवा, पोटभर गप्पा मारा. प्रोग्रामचं नाव काढलं की हात जोडलेले. बाकी मात्र त्यांना शब्दांचं वेड. नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न, ‘‘तुमच्या आडनावात काही अवघड आहे का?’’ म्हणजे जोडाक्षर. खिशात एक छोटी वही असे, तिच्यात शब्द टिपायचे. एकदा एक पाहुणा म्हणाला, मी कऱ्हाडचा, तर काकांनी त्याचा हात मिनिटभर सोडला नाही. तो बिचारा घाबरून बायकोकडे बघायला लागला. मग माझ्याकडे वळून काका म्हणाले, ‘‘तुम्ही कधी कऱ्हाडला गेला आहात का?’’

‘‘नाही.’’

‘‘जाऊन या,’’ ते म्हणाले. ‘‘जरूर जाऊन या.’’

मी घरी येऊन प्रशांतला म्हटलं, माणूस कामातून गेलाय.

आणि खांब! खांबाचं सांगायचंच राहिलं. काकांच्या मागच्या अंगणात मल्लखांब पुरलेला होता. कॅरीतल्या त्या सोसायटीत, जिथे टपालपेटीचा रंगसुद्धा कमिटी ठरवते, तिथे एरंडेल चोपडलेला लाकडी खांब. कमिटीचं पत्र आलं : हे काय आहे? काकांनी खांबाच्या बोंडावर पक्ष्यांच्या दाण्यांची वाटी बसवली आणि कळवलं, पक्ष्यांसाठी आहे. कमिटी गप्प. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी हे त्या खांबावर उलटे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा किंचाळले होते. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘‘काय न्हाई, उतरतील.’’ काकू मिरजेच्या, काकाही मिरजेचेच.

इकडे लिस्टवर वातावरण तापत होतं. दीड वर्षात माझे चार ‘परत’, मंदारचे पाच, बाकीच्यांचे मिळून किती कोण जाणे. एक दिवस मंदारचा फोन आला.

‘‘यार, आपण कशाला ऐकून घेतोय? प्रोग्राम फ्री आहे. कॉपी घेऊ, आपला वेगळा काढू. लायसन्समध्येच लिहिलंय तसं.’’

‘‘म्हणजे वेगळी चूल?’’

‘‘हो. आणि मेन्टेनर तू, सगळं सांभाळणार तू. तुझ्याकडे वेळ आहे.’’

वेळ आहे! हे वाक्य मला इतर कुणी ऐकवलं असतं तर मी फोन आपटला असता. पण ‘मेन्टेनर तू’ हे शब्द कानात शिरले आणि दुसरं काही ऐकूच आलं नाही. आम्ही सात जण बाहेर पडलो. महिनाभर आमच्या घरचा फोन मॉडेमला जोडलेला, प्रशांतला ऑफिसातून घरी फोन लागेना. आमचे सगळ्यांचे परत आलेले पॅच मी एकत्र शिवले आणि प्रोग्रामच्या पहिल्या पडद्यावर सगळ्यात वर माझं नाव घातलं. मग जुन्या लिस्टवर जाहीर पत्र लिहिलं. देवनागरीत, आमच्या नव्या प्रोग्राममध्ये, फाइल जोडून. म्हटलं, बघू दे आम्हालाही येतं. पत्रात खूप दिवसांचं साठलेलं सगळं ओकले. शेवटी लिहिलं, ‘एका तऱ्हेवाईक माणसाच्या लहरीवर मराठीचं काम चालू शकत नाही.’

अर्ध्या तासात उत्तर आलं. मला वाटलं, आता कडाडतील. माझ्या पत्रातला एकच शब्द त्यांनी कापून डकवला होता आणि खाली तीच पाच अक्षरं.

तो शब्द मी पाहिला. ‘तर्हेवाईक’. र उडी मारून ह च्या डोक्यावर!

मी दीड वर्षापूर्वी ऱ सरळ केला होता तो फक्त य च्या आधीचा. ह च्या आधीचा ऱ माझ्या ध्यानातच आला नव्हता. तऱ्हा, ऱ्हास, बऱ्हाणपूर. कऱ्हाड! ‘जरूर जाऊन या.’ अगं बाई! त्यांनी सांगितलं होतं. त्यांच्या त्या भयंकर पद्धतीने, पाहुण्याचा हात धरून, सांगितलं होतं.

पण लाज वाटली तरी राग गेला नाही, उलट वाढला. शनिवारी सकाळी गाडी काढली आणि थेट त्यांच्या मागच्या अंगणात. काका खांबावर उलटे. वसंत होता, पाइनची पिवळी पूड सगळीकडे, त्यांच्या टकलावरसुद्धा. मी त्या उलट्या तोंडाशीच भांडायला लागले.

‘‘सांगायला काय जात होतं, काका? ‘ह राहिला’ एवढंच! दोन शब्द!’’

‘‘मी म्हटलं ना, परत.’’

‘‘हो! परत! घेऊन जा म्हणालात, गेले घेऊन!’’

काका खांबावरून घसरतच खाली आले. एरंडेलाने माखलेले हात तसेच पुढे धरलेले. त्यांचा चेहरा असा झाला होता, की मी बोलायची थांबले.

‘‘घेऊन जा?’’ ते म्हणाले. ‘‘अहो, परत म्हणजे पुन्हा. पुन्हा करा. मिरजेला आमचे वस्ताद होते. पोरगं खांबावरून पडलं की एकच शब्द, परत. ज्याच्यात काही दिसायचं त्यालाच म्हणायचे. ज्याच्यात काही नाही, त्याला गोड बोलून घरी पाठवायचे. शाबास बाळ, छान, आता घरी जा. आम्ही पोरं त्या शाबासकीला इतके भ्यायचो!’’

ती सुरेख पत्रं. सप्रेम नमस्कार. पुढील वाटचालीस शुभेच्छा. ज्यांचा मी हेवा केला ती माणसं निकालात निघालेली होती, आणि ज्यांना त्यांनी निवडलं होतं ते आम्ही सात जण चूल उचलून निघून गेलो होतो.

‘‘मी वाट बघत होतो,’’ काका म्हणाले. ‘‘चारदा म्हटलं तुम्हाला. तुम्ही एकदाही परत पाठवलं नाहीत. दर वेळी नवंच काहीतरी. म्हटलं, हिला कंटाळा फार.’’

‘‘पण कुठे चुकलं ते सांगायचं तरी!’’

‘‘वस्ताद कधी सांगायचे नाहीत. अंगाला कळायला हवं.’’

‘‘आम्ही अंगाने टाइप करत नाही, काका!’’ मी ओरडलेच.

मागच्या दारात काकू येऊन उभ्या होत्या. ‘‘ओरड, ओरड,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लग्नानंतर पयल्याच दिवशी मी पोळी वाढली तर हे म्हणाले, परत. मी ताटच उचललं की! रडत आत गेले. यांना आणखी एक पोळी पायजे होती. तीस वर्सं झाली, शब्द सुदरला न्हाई.’’

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. काकूंनी आत नेलं, चहा दिला. मग म्हणाल्या, ‘‘डिसेंबरात आम्ही चाललो. मिरजेला, कायमचं. हे सगळं कुणाला तरी द्यायचं म्हणून बसलेत दीड वर्स.’’

काकांनी हात पुसून कंप्युटर लावला. नावांची यादी उघडली. शेवटच्या ओळीत माझं नाव होतं. माझ्या पहिल्या पॅचच्या दिवसापासून तिथे होतं. फक्त ओळीच्या सुरुवातीला एक खूण, जिच्यामुळे ते बाहेर कुणाला दिसू नये. खूण काढली की झालं. आणि त्याच फोल्डरमध्ये एक पत्र लिहून ठेवलेलं, ‘यापुढे हा प्रोग्राम या सांभाळतील’, तिथेही माझंच नाव. मी दोन्ही हात तोंडावर धरून बसले.

‘‘ऱ्ह दुरुस्त करून पाठवा,’’ काका म्हणाले. त्या दिवशी त्यांनी तोंडी न बोलायचा नियम पहिल्यांदा मोडला. ‘‘आणि दोन चुली नकोत. सगळ्यांना घेऊन या. एवढंसं मराठी, त्याचे दोन तुकडे कशाला? मग हे सगळं तुमचं.’’

‘‘विचारते सगळ्यांना.’’

‘‘विचारू नका. आणा.’’

मी मंदारला फोन केला. ‘परत’चा खरा अर्थ, काकांचं बोलावणं, सगळं सांगितलं; त्या सुरेख पत्रांचं तेवढं सांगायचं राहिलं. तो खूप हसला, मग म्हणाला, ‘‘यार, पण आता कशाला? लोक आपला घ्यायला लागलेत. परत त्यांच्या हाताखाली?’’ मी त्याला पटवू शकले असते. खरं सांगते, मी प्रयत्नच केला नाही. पहिल्या पडद्यावर सगळ्यात वर माझं नाव होतं. त्या आठवड्यात कुणा अनोळखी माणसाने मला ‘डिअर मेन्टेनर’ म्हणून मेल लिहिली होती, ती मी छापून फ्रिजवर लावली होती. ज्या बाईला एक तास काम करायची परवानगी नाही, तिच्या फ्रिजवर! काका देणार होते ते याहून मोठं होतं, मला कळत होतं. पण त्यासाठी आधी वरचं नाव खोडायचं, ते हातून होईना.

ऱ्ह मात्र केला. काकांच्या लिस्टवर पाठवला. परत. शोधलं, तर शब्दाच्या सुरुवातीला ‘ऱ्हास’ मोडत होता. पाठवला. परत. ‘ऱ्हस्व’ चुकत होता. परत. सहा वेळा. आणि काय सांगू, दर वेळी ती पाच अक्षरं आली की मी घरात एकटीच टाळी वाजवायची. लिस्टवरचे लोक माझी कीव करत होते आणि मी हवेत. चूक कुठे आहे ते मला न सांगता दिसायला लागलं होतं. अंगाला कळायला लागलं होतं म्हणा.

सातव्यांदा पॅच पाठवताना मी खाली दोन ओळी लिहिल्या. मुद्दाम सभ्य भाषेत. ‘चूल तूर्त वेगळीच राहू द्यावी, असे आमच्या सर्वांचे मत आहे. दोन्ही प्रोग्राम सुखाने नांदतील.’ सर्वांचे मत! सर्वांना विचारलं कुणी होतं?

या वेळी उत्तर यायला चार दिवस लागले. फाइल जोडलेली होती. मी उघडली.

‘सप्रेम नमस्कार. आपण घेतलेल्या श्रमांबद्दल मनःपूर्वक आभार. आपली दुरुस्ती स्वीकारली असून आपले नाव यादीत समाविष्ट केले आहे. माझे काम मी येथे थांबवत आहे. यापुढे वापरणाऱ्यांनी आपलाच प्रोग्राम घ्यावा, असे सर्वांना कळवतो. आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.’

एकही चूक नव्हती. प्रत्येक वेलांटी जागच्या जागी.

लिस्टवर अभिनंदनाचा पाऊस. मंदारचा फोन, ‘‘जिंकलीस यार! म्हातारा किती छान लिहितोय बघ.’’ प्रशांतने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि तोही म्हणाला, ‘‘अगं, किती गोड पत्र आहे. रडतेस काय?’’ त्याला काय सांगणार? ते पत्र वाचता येणारी त्या तीस लोकांत मी एकटीच होते.

गाडी काढून त्यांच्याकडे गेले. डिसेंबर उजाडायचा होता, तरी घर रिकामं. खांब काढलेला, खड्डा नीट बुजवून वर गवत लावलेलं. दाण्यांची वाटी तेवढी पायरीवर ठेवली होती.

घरी येऊन मी मेल उघडली. क्षमा मागणारं लांबलचक काहीतरी लिहिलं, ते पुसलं. मग रोमनमध्ये, त्यांच्यासारखीच, पाच अक्षरं टाइप केली आणि पाठवली. पी, ए, आर, ए, टी.

उत्तर आलं नाही. आठ दिवस थांबले आणि परत पाठवलं.